अंबुजाअक्कांचं प्रॅक्टिकल

चेन्नईच्या मुक्कामात मी पुष्कळ वेळा बाळंत झालो. रविवारी सकाळी इडली खाऊन पेपर उघडला की तळमजल्यावरून अंबुजाअक्कांची हाक यायची आणि मी पेपर मिटून निमूट खाली जायचो. त्यांच्या हॉलमध्ये चटई अंथरलेली असे. शर्टाच्या आत उशी आणि उशीच्या खोळीत चिंध्यांची बाहुली घेऊन मी आडवा व्हायचो, आणि अक्का सुईणपण शिकवायच्या त्या नर्सिंग स्कूलच्या मुली गंभीर चेहऱ्यानं माझ्याभोवती बसायच्या. माझी बायको वैशाली दारात उभी राहून हे बघायची. लग्नानंतर इतक्या समाधानानं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

माझ्यासारख्या बँकेतल्या बाप्याला का, असं मी एकदा विचारलं. अक्का म्हणाल्या, "मुली एकमेकींना सांभाळून घेतात. वैशालीस बघून बघून सगळं ठाऊक आहे. मज घाबरलेलं माणूस पाहिजे, मोहनराव. तुम्ही फार सुंदर घाबरता."

साताऱ्याहून बदली होऊन आम्ही वेलचेरीला राहायला आलो तेव्हा इमारतीत मराठी बोलणारं आणखी कुणी असेल असं वाटलं नव्हतं. खाली अक्का निघाल्या. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले, आणि त्यांच्यासोबत आलेली मराठीही इकडेच मुरली. शब्द पोथीतले, हेल तमिळ आणि अधूनमधून 'अय्यो'. पहिल्याच रविवारी माझ्या पोटाशी बसलेल्या मुलीला त्या तमिळमध्ये काहीतरी बजावत होत्या. मी अर्थ विचारला तर म्हणाल्या, "आधी पुसा, मग हात लावा." मी तत्परतेनं रुमाल काढून पोट पुसलं. त्यांच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं, हे कळेपर्यंत मुली हसून आडव्या झाल्या होत्या.

पण हे 'आधी पुसा' म्हणजे अक्कांचा धर्म होता. बाईच्या पोटाला हात लावायच्या आधी तिला विचारायचं. नाव विचारायचं, हात लावू का विचारायचं, आणि मगच तळहात एकमेकांवर चोळून, ऊबदार करून पोटावर ठेवायचा. ज्या मुलीचा हात गार लागे तिच्याकडे मी नुसतं बघितलं तरी अक्का तिला पुन्हा दारातून आत यायला लावत. एका मुलीनं माझ्या पोटात बाळाचं डोकं अगदी अचूक शोधून काढलं, पण उशीच्या दुसऱ्या बाजूला. ते डोकं नसून गेल्या वर्षभरातले डोसे आहेत, हे अक्कांनी तिला शांतपणे समजावलं.

शाळेत जाताना त्यांच्या पिशवीत ती बाहुली आणि प्लास्टिकचा कमरेच्या हाडांचा सापळा असायचा. शेअर ऑटोत पिशवीतून बाहुलीचा पाय बाहेर आला की शेजारचा प्रवासी दचकून सरकायचा. अक्कांना ती जागा बसायला आयती मिळायची. पुढे पुढे मला शंका यायला लागली, की पाय त्या मुद्दामच बाहेर ठेवतात.

जगात जे काही घडतं ते त्यांच्या लेखी बाळंतपणच होतं. दिवे लुकलुकायला लागले की "कळा आहेत, पण जोर नाही." माझं प्रमोशन रखडलं आणि मी वरच्या साहेबांना भेटायला निघालो, तर जिन्यात अडवून म्हणाल्या, "डोकं दिसतंय ना? मग ओढू नका. ओढून काढलेलं नीट येत नाही." मी ओढलं. बदली झाली ती शहराबाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यातल्या श्रीपेरुंबुदूरच्या शाखेत. रोज पहाटे कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत सापडताना मला अक्का आठवायच्या.

मुलींवर त्या क्वचितच रागवायच्या. एकदा मात्र रागावलेल्या पाहिल्या. एक मुलगी कुठल्याशा वॉर्डातून नवीनच सवय शिकून आली होती. मी ठरल्याप्रमाणे कण्हायला लागलो तशी ती खेकसली, की ओरडायला काय झालं. अक्कांनी मला उठवलं आणि तिला चटईवर निजवलं. मग घराचं दार सताड उघडं टाकलं आणि जिन्यातून जाणाऱ्या येणाऱ्यांशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. दूधवाला डोकावला, इस्त्रीवाला डोकावला. ती मुलगी छतावरच्या पंख्याकडे बघत पडून होती. थोड्या वेळानं तिचे डोळे भरले. अक्कांनी दार लावलं आणि तिला उठवून कॉफी दिली.

या सगळ्या मुलींमध्ये सेल्वी वेगळी होती. ती चेन्नईजवळच्या कोवलमची, मासेमारी करणाऱ्या घरातली. हात असा की पोटावर ठेवला की मला खरंच बरं वाटायचं. पण मागून कुणी प्रश्न विचारला की तिचा आवाज बंद. अंतिम परीक्षेच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी साधा प्रश्न विचारला आणि सेल्वी भिंतीसारखी उभी राहिली. नापास झाली. घरी लग्नाची बोलणी सुरू होती. आणखी एकदा नापास झाली असती तर शिक्षण तिथेच संपणार होतं, आणि हे ती अक्कांच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मोडक्या इंग्रजीत वैशालीला सांगून गेली होती.

अक्कांनी मग रविवारची वाट पाहणं सोडलं. संध्याकाळी मी बँकेतून आलो की बूट काढून थेट चटईवर. वैशालीला चष्मा लावून परीक्षक केलं होतं. अक्कांनी देवनागरीत लिहून दिलेले तमिळ प्रश्न ती मागून खणखणीत आवाजात वाचायची. मराठी वळणाचं ते तमिळ ऐकूनही सेल्वी गारठायची. आठवडाभर काही हललं नाही. मग एके दिवशी अक्का तिच्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, की परीक्षकाला उत्तर देऊच नकोस. तू काय करतेस आणि का करतेस ते या आईला सांग. तिला ते कळायला पाहिजे, आणि परीक्षकाला कान आहेत.

सेल्वीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती हळूहळू बोलायला लागली. बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे, ठोके कुठे ऐकू येतात, आता जोर का लावायचा नाही. माझं तमिळ भाजीच्या भावापलीकडे गेलेलं नव्हतं, तरी मला सगळं कळत होतं, आणि खरं सांगतो, धीरही येत होता. मागून वैशाली प्रश्न विचारत राहिली आणि सेल्वी मला सांगत राहिली.

ती पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा ती आधी अक्कांच्या पाया पडली, मग माझ्याही, आणि पेशंटनं फार सहकार्य केलं असं म्हणाली. वेलचेरीतल्याच एका छोट्या प्रसूतिगृहात तिला नोकरी लागली.

पुढच्या वर्षी अक्कांची एकुलती एक मुलगी, हेमा, बंगलोरहून बाळंतपणाला आली. दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा जावई अजून गाडीतच होता, म्हणून सेल्वीच्याच प्रसूतिगृहात मी आणि वैशाली बरोबर गेलो. आम्हांला वाटलं होतं, आता अक्का प्रसूतिगृहाचाच ताबा घेणार. त्या हेमाला धरून लेबर रूमच्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सेल्वीची ड्यूटी होती. ती म्हणाली, टीचर, तुम्ही आत या, डॉक्टर नाही म्हणणार नाहीत.

अक्कांनी मान हलवली. "तू जा. मी आले तर आईच होईन. तिला आत सुईण पाहिजे."

आणि त्या आमच्याजवळ बाकावर येऊन बसल्या. आतून हेमाचा आवाज आला की त्यांची बोटं पदराच्या काठात रुतायची. वैशालीनं त्यांचा हात धरला. मग त्या खालच्या आवाजात बोलल्या.

"हेमाच्या वेळेस मी अशीच ओरडत होते. वॉर्डातल्या सुईणबाईंनी मांडीवर चापट मारली. नर्स असून ओरडतेस, म्हणाल्या. मग मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. पोर झाली, तरी उघडलं नाही. आनंदसुद्धा गिळला."

आतून हेमा आणखी मोठ्यानं ओरडली, आणि मागोमाग सेल्वीचा आवाज ऐकू आला, सावकाश, एका लयीत, थांबता थांबता पुन्हा सुरू होणारा. अक्का डोळे मिटून तो ऐकत होत्या.

मग बाळाचं रडणं आलं. थोड्या वेळानं सेल्वी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. अक्का उठल्या, पण दुपट्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हेमाला कोणी दटावलं नाही ना?"

"नाही, टीचर," सेल्वी म्हणाली. "तिनंच मला खूप दटावलं."

अक्का हसल्या आणि तशाच आत गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. हेमाच्या उशाशी बसून त्या तिचे घामानं चिकटलेले केस एकेक बट करून सोडवत होत्या, आणि हेमा त्यांना न थांबता काहीतरी सांगत होती. बाळ बराच वेळ वैशालीकडेच होतं.