मास्तरांची दुरुस्ती

दुकानाचं मधलं दार आतून बंद होतं आणि शिलाई मशीनचा आवाज येत नव्हता. शिंपीमास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. शिवणाचा वर्ग, आणि मशीन गप्प?

"आत नक्की काय चाललंय गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, अमूर्त गोधडीचं शिबिर. सूनबाईनं चारदा सांगितलं तुम्हाला."

"अमूर्त म्हणजे?"

"मनाला येईल तसं कापड कापायचं, मनाला येईल तसं जोडायचं. माप नाही, खडू नाही. आत्ता नुसतं कापणं चाललंय."

"आणि हे शिकायला बायका येतात? अगं, हे लोकांना न शिकताच येतं! चाळीस वर्षं मी तेच तर दुरुस्त करत आलो. यात काहीतरी पाणी मुरतंय."

दुकान मास्तरांचं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून वर्षापूर्वी बंद केलेलं, पण पाटी अजून त्यांच्याच नावाची. त्या पाटीखाली सून काय उद्योग करतेय याचा त्यांना घोर लागला होता. सुनेचा घोर वेगळा होता. चार वाजता कलादालनाच्या बाई शिष्यांचं काम बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर शिबिर दर महिन्याला त्यांच्या दालनात, नाहीतर सोमवारपासून सून पुन्हा विम्याच्या कचेरीत, दिवसभर फोन कानाला लावून. "तिथं पुन्हा पाऊल टाकायची इच्छा नाही, बाबा," असं ती सकाळीच म्हणाली होती.

एक वाजता सून आणि तिच्या पाच शिष्या जेवायला बाहेर पडल्या. बायकोही त्यांच्याबरोबर गेली. मास्तर लगेच आत शिरले.

टेबलावर उशीच्या अभ्र्याएवढे पाच तुकडे मांडले होते. पहिला उचलला आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला. निळी पट्टी सरळ चालता चालता मध्येच उजवीकडे पळालेली. दुसऱ्यात चौकोनाला पाच कोपरे. तिसऱ्याची कड तर बघवत नव्हती. हे त्या बाईंना दाखवणार? पोरीची शोभा होणार, पाटीचीही होणार आणि सोमवारी फोन कानाला! मास्तरांचे हात शिवशिवायला लागले.

त्यांनी भराभरा सगळं उसवलं. जास्तीचं कापड आत दुमडून सरळ टीप मारली. कातरलं मात्र काही नाही, कारण कापड वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. अडीच वाजता पाचही तुकडे इस्त्रीच्या सदऱ्यासारखे नीट झाले होते.

"हे कुणी केलं?" शिष्यांपैकी एक, दातांच्या डॉक्टरबाई, दारातूनच किंचाळल्या.

"मीच," मास्तर म्हणाले. "आभार मानत बसू नका."

सून मटकन खुर्चीत बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, तो वाकडेपणाच तर दाखवायचा होता."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... मग जसं होतं तसं करून देतो."

"कसं देणार? मनात आलं तसं शिवलेलं. आमचं आम्हालाच आठवत नाही!"

"मला आठवतंय ना! एवढ्या चुका एका जागी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. विसरेन कसा?"

मास्तर मशीनवर बसले. सून टाचण्या लावू लागली, बायको उसवू लागली. "हिरवा तुकडा अर्धं बोट खाली. नाही, त्याहून गचाळ. हां, असा! डॉक्टरबाई, तुमची निळी पट्टी इथून एकदम वळली होती. शिंक आली होती का?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो माझ्या वडिलांचा सदरा आहे. तिथं त्यांची आठवण आली."

मास्तरांनी ती पट्टी अगदी सावकाश वळवली. चाराला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी शेवटचा दोरा तोडला.

कलादालनाच्या बाई आल्या त्या भिंग घेऊनच. एकेक तुकडा उलटा करून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माणसं पाच, आणि टीप एकाच हाताची? हे तुम्ही कुणाकडून तरी शिवून घेतलंत."

सुनेचं तोंड पांढरंफटक पडलं. मास्तर उठले आणि सगळं घडाघडा सांगून मोकळे झाले. "टीप माझी आहे बाई, पण वाकडेपणा यांचा. देवाशप्पथ!"

"असं?" बाईंनी एक कोरा तुकडा पुढे केला. "मग माझ्यासमोर तुम्ही वाकडं शिवा. काहीही न बघता, मनाला येईल तसं."

मास्तरांना वाटलं, जमलं तरच या बाईचा विश्वास बसेल. त्यांनी जीव तोडून हात डावीकडे नेला. टीप पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. डोळे मिटून पाहिलं, तर आणखी सरळ. तिसऱ्या खेपेला मान, कोपर, खांदा सगळं वाकडं करून पाहिलं. मास्तर वाकले, टीप वाकली नाही. घामानं सदरा भिजला. "माफ कर पोरी," ते पुटपुटले, "मला नाही जमत."

"तेच बघायचं होतं," बाई भिंग पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "असलं वळण तुमच्या डोक्यातून जन्मात निघायचं नाही. म्हणजे हे काम या पाच जणींचंच. पुढच्या महिन्यापासून शिबिर आमच्याकडे."

सून धावत येऊन सासऱ्यांच्या गळ्यातच पडली. "बाबा, काय डोकं लढवलंत! मुद्दाम सरळ शिवलंत ना?"

"मुद्दाम कुठलं? अगं, मी खरंच प्रयत्न करत होतो!"

"पुरे झालं!" बायको कौतुकानं हसली. "चाळीस वर्षं ओळखते मी तुम्हाला. किती आतल्या गाठीचे!"

मास्तरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. घरात त्यावर आजतागायत कुणाचा विश्वास बसलेला नाही.