झिपरू अस्वलाची साखर आणि साळूबाईंचे दोन थेंब

या बाळांनो, जवळ या. ज्यांचे केस पिकलेत त्यांनीही या, माझ्यापुढं सगळे बाळच. मोबाइल खिशात ठेवा. मध्येच कुणी फोन घेतला तर मी उठून जाईन, आधीच सांगतो.

तर एका जंगलात मधाचं कोठार होतं. जंगल कुठलं, तालुका कुठला, असले प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याला ओळखीचं वाटेल त्यानं गप्प बसावं.

हे कोठार सगळ्या जंगलाचं. गुहेत चाळीस मडकी, मडक्यांत मध. खायला काही मिळेनासं झालं की तो पिल्लांना वाटायचा. आता मधावर राखण कुणाची ठेवायची? जो तो चाटणारा! मग जाणत्यांनी नियम केला. ज्याला शुगर आहे तोच राखणदार. त्याला मध चालतच नाही, म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटला. काय डोकं आहे बघा!

झिपरू अस्वलाला शुगर होती. म्हणून चार वर्षं तो राखणदार होता.

दर पौर्णिमेला सकाळी सभा भरायची. जळूआत्या यायच्या, राखणदाराच्या पायाला चिकटायच्या, रक्त चाखायच्या आणि आकडा सांगायच्या. आत्यांची चव कधी चुकायची नाही. आकडा बेताचा आला की सभा म्हणायची, "इमानदार आहे." आकडा वर गेला तर राखणदारी जायची. झिपरूनं ती वेळ कधी आणली नव्हती.

आणि लक्षात घ्या, तो अस्वल होता! मधाच्या दारात बसायचं, वास नाकात घ्यायचा आणि कारल्याचा रस प्यायचा. चार वर्षं प्यायला बिचारा. तोंड वाकडं करून प्यायला, पण प्यायला. त्याची बायको सोनूबाई पाणवठ्यावर मान ताठ ठेवून चालायची. "आमच्या ह्यांनी मडक्याला बोटसुद्धा लावलं नाही हो," असं कुणी न विचारता सांगायची. राखणदारी गेली असती तर झिपरूला एक वेळ चाललं असतं. पण सोनूबाईची मान खाली गेलेली त्याला बघवली नसती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झिपरू शेवाळावरून घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला.

हाड बसवायला सुतारपक्षी आला. हात बधिर करायला साळूबाई आल्या. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर सुया, त्यामुळे हा धंदा त्यांच्याकडे आपसूक आला होता.

पूर्वी साळूबाई नुसतं बधिर करायचं औषध टोचायच्या. काही तासांनी त्याचा अंमल उतरला की पेशंट असा बोंबलायचा की सगळ्या जंगलाचे कान किटायचे. सभेनं तक्रार केली. म्हणून त्या औषधात दुसऱ्या एका औषधाचे दोन थेंब मिसळू लागल्या. त्यानं बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा. पेशंट खूश, सभाही खूश.

साळूबाईंनी पाठीवरची एक बारीक सुई निवडली आणि झिपरूला म्हणाल्या, "झिपरूभाऊ, नीट ऐका. या दोन थेंबांनी एखाददोन दिवस रक्तातली साखर वाढते. ज्याला शुगर आहे त्याची जरा जास्तच. मग येते खाली, पण लक्ष ठेवावं लागतं. घालू का?"

"घाला हो बाई! दोन काय, वीस घाला! मेलो मी!"

साळूबाईंनी दोनच घातले. बाई नियमाच्या पक्क्या. काय टोचलं, त्यानं काय होईल, हे सगळं त्यांनी पळसाच्या पानावर कोरून लिहिलं आणि ते पान झिपरूच्या गळ्यात बांधलं. "उद्या सभेत हे दाखवा, विसरू नका," असं बजावून त्या गेल्या.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. कुणी अंथरुणाला खिळलं की अख्खं गाव बघायला लोटतं. तशा सांबरकाकू आल्या. "कसे पडलात? कुठं पडलात? आमच्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं, तो तर गेलाच," असा धीर देत देत त्यांनी झिपरूच्या गळ्यातलं पान खाऊन टाकलं. हेतू वाईट नव्हता हो. बोलता बोलता तोंडापुढं आलं ते चावलं. त्या जंगलातली सगळी कागदपत्रं अशीच संपायची.

झिपरूला पत्ताही नाही. दुखणं थांबलेलं, गडी मस्त घोरत होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मधोमध सरपंच दौलतराव गवा बसले होते. जळूआत्या झिपरूच्या पायाला चिकटल्या, आणि सुटेचनात.

"आत्या, आकडा सांगा," दौलतराव म्हणाले.

"थांबा हो, आणखी एक घोट घेते!" आत्या म्हणाल्या. मग मिटक्या मारत सांगितलं, "तीनशे बारा!"

सभेत एकच गलका झाला. लोंब्या वानर फांदीवरून ओरडला, "मध खाल्ला! राखणदारानंच मध खाल्ला!"

"नाही हो!" झिपरू कळवळून म्हणाला. "ते साळूबाईंचे थेंब! पानावर लिहिलंय!" त्यानं गळ्याला हात लावला. गळ्यात नुसती दोरी होती. मागं सांबरकाकू रवंथ करत होत्या.

साळूबाईंना बोलावलं. त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं.

दौलतरावांनी डोळे बारीक केले. "त्या थेंबांत मध असतो का?"

"नाही."

"गूळ?"

"नाही. चाखून बघा."

दौलतरावांनी चाखलं आणि थुंकून टाकलं. "थू! हे तर कडू आहे! कडू औषधानं साखर वाढते? बाई, सभेला काय खुळी समजलात?"

सगळी सभा हसली.

"बरं, टोचलं कुठं?"

"खांद्यापाशी."

"आणि आत्यांनी चाखलं पायाला! हात बधिर होता, बाकीचं अस्वल जागं होतं. मग औषध पायापर्यंत गेलं कसं?"

"रक्त अंगभर फिरतं, सरपंच," साळूबाई म्हणाल्या. "बधिरपणा एका जागी राहतो, हे थेंब राहत नाहीत. दोन दिवस थांबा आणि परत चाखा. आकडा खाली आलेला दिसेल."

"पौर्णिमा थांबते का दोन दिवस?" दौलतराव गरजले. "नियम म्हणजे नियम!"

झिपरूची राखणदारी गेली. त्यानं सोनूबाईकडं बघितलं. सोनूबाई जमिनीकडं बघत होती. मोडलेल्या हाताचं काही वाटत नव्हतं, तो बधिरच होता. पण छातीत जे दुखलं त्याला साळूबाईंकडंही औषध नव्हतं.

राखणदारीसाठी लोंब्या वानर पुढं आला. त्याच्या हनुवटीवरून मध ओघळत होता आणि मिशीत एक मधमाशी अडकली होती.

"याच्या तोंडाला मध लागलाय," साळूबाई म्हणाल्या.

"तोंडाचं कोण विचारतंय? रक्तात आहे का ते बघा!" दौलतराव म्हणाले.

आत्यांनी चाखलं. "अठ्ठ्याऐंशी."

"इमानदार आहे!" सभा म्हणाली.

"पण याला शुगर नाही," साळूबाई म्हणाल्या. "हा मडकं संपवेल तरी सकाळी आकडा चांगलाच येईल."

मग तिथल्या तिथं नियम बदलला. शुगर असो वा नसो, आकडा चांगला हवा. शिवाय दौलतरावांनी छाती फुगवून जाहीर केलं की यापुढं सगळ्या पदाधिकाऱ्यांची साखर मोजली जाईल. ज्याचा आकडा वर गेला तो चोर, मग तो सरपंच का असेना. टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी जळूआत्या आपणहून झिपरूच्या घरी आल्या. त्यांना चैन पडत नव्हतं. त्यांनी चाखलं. एकशे अठरा.

सोनूबाई तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. "मला कळायला हवं होतं हो. चार वर्षं तुमचा कारल्याचा वास घेत झोपले, आणि एका आकड्यावर विश्वास ठेवला."

"उगी, उगी," झिपरू म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "चल, सरपंचांना सांगू."

दोघं दौलतरावांकडं गेले. दौलतरावांनी आकडा ऐकला आणि झिपरूची पाठ थोपटली. "शाब्बास! म्हणजे मध खायचा सोडलास. दोन दिवसांत सुधारलास की रे!"

आता झिपरूची पंचाईत झाली. सुधारलो नाही म्हणावं तरी चोर, सुधारलो म्हणावं तरी चोर.

तीन पौर्णिमा गेल्या. मडकी एकेक करून रिकामी होत गेली. लोंब्याचा आकडा दर वेळी नव्वदच्या आत. सभेनं त्याला हार घातला. पिल्लांना मध मिळेना, तेव्हा दौलतराव म्हणाले, "हा सगळा त्या झिपरूनं खाल्लेला दिसतोय. आकडा त्याचाच चढला होता ना?"

आणि चौथ्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दौलतरावांचा पाय खड्ड्यात गेला. कडकन मोडला.

आता एक सांगायचं राहिलं. दौलतरावांनाही शुगर होती, पथ्यानं आकडा कसाबसा बेतात राहायचा. सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

साळूबाई आल्या. दौलतराव आडवे पडून हंबरत होते. "थेंब घाला! लवकर!"

"घालते. पण साखर वाढेल, आणि उद्या पौर्णिमा आहे."

दौलतरावांचं हंबरणं एकदम थांबलं. त्यांनी तशाच अवस्थेत सभा बोलावली. "मंडळी, साळूबाईंच्या थेंबांनी साखर वाढते. शास्त्रच आहे ते. तेव्हा ज्यांनी थेंब घेतले त्यांचा आकडा तीन दिवस धरू नये. नियम करा."

एका दमात नियम झाला. कुणी थेंब चाखून बघितले नाहीत. ते पायापर्यंत जातात की शिंगापर्यंत, हेही कुणी विचारलं नाही.

मागच्या रांगेतून झिपरू उठला. सोनूबाई त्याच्या शेजारी उभी राहिली.

"सरपंच, मग माझं काय? मलाही हेच थेंब दिले होते."

"दिले असतील."

"माझीही साखर त्यांनीच वाढली होती."

"वाढली असेल, कोण नाही म्हणतंय?" दौलतराव प्रेमानं म्हणाले. "पण बाबा, नियम आजचा आहे. तुझा हात आधीच मोडला, त्याला सभा काय करणार?"

तात्पर्य: बाळांनो, खरं बोलावं, पथ्य पाळावं, औषधाबद्दल काय सांगितलंय ते नीट ऐकावं. हे सगळं करावंच. पण हात मोडून घ्यायचाच असेल, तर आधी सरपंचाचा पाय मोडेपर्यंत दम धरावा.