उधाणाची रंगीत तालीम

टेंभखार आणि वडखार या दोन ग्रामपंचायतींनी मिळून 'संयुक्त उधाण बचाव समिती' स्थापन केली, आणि तिच्या पहिल्याच बैठकीत ग्रामसेवक नंदकुमार कुलथ्यांचा रक्तदाब वाढला. बेलापूरच्या खाडीकाठची ही दोन गावं. दोन टोकांना दोन टेकाडांवर वसलेली. मधे भातशेती आणि खाडीला अडवणारा मातीचा एकच बांध. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांध ओलांडून आत आलं आणि दोन्ही गावांची शेतं खारटली. तेव्हा प्रांतसाहेबांनी फर्मान काढलं की संकट एक, तर तयारीही एकत्र. दोन्ही गावांना ग्रामसेवक एकच, त्यामुळे चिटणीसपद आपसूक कुलथ्यांच्या गळ्यात पडलं.

टेंभखारचे सरपंच शिवराम आणि वडखारचे सरपंच सदू हे नात्याने मेहुणे. शिवरामची बहीण मुक्ताबाई सदूला दिलेली. लग्नातल्या मानपानावरून दोघांचं जे बिनसलं, ते मुक्ताबाईला नातवंडं झाली तरी सांधलं नव्हतं. दोघे एकमेकांशी बोलत ते तिसऱ्या माणसामार्फत. बैठकीत तो तिसरा माणूस कुलथे.

"पाणी आलं तर टेंभखारकरांनी वडखारच्या शाळेत जायचं," कुलथ्यांनी सुचवलं. "शाळा पक्की आहे."

"आमी त्यांचे दारान जायाचं?" शिवराम उखडले. "भाऊसाहेब, बुडू, पन जानार नाय."

"बरं, मग वडखारकरांनी टेंभखारच्या देवळात यावं."

"भाऊसाहेब, त्यांना सांगा," सदू भिंतीकडे बघत म्हणाले, "आमी वरपक्ष हाव. वरपक्ष काय गाठोडी घेऊन सासुरवाडीला राहाला जातो?"

चहाच्या तीन फेऱ्या झाल्यावर तोडगा निघाला. भोंगा वाजला की टेंभखारकरांनी वडखारला जायचं आणि त्याच वेळी वडखारकरांनी टेंभखारला. म्हणजे कुणीच कुणाकडे आश्रित नाही. मान दोघांचाही राखला गेला. राहता राहिला तो फक्त बचाव.

तालमीसाठी रविवार ठरला, कारण प्रांतसाहेबांना त्याच दिवशी सवड होती. पौर्णिमा होती, खाडीला भरती चढत होती. पण बांध होता, म्हणून कुणाला काळजी नव्हती. साहेबांची जीप यायच्या आधी एकदा सगळं नीट बसवून घ्यावं, या शहाणपणाने कुलथ्यांनी जरा लवकरच भोंगा वाजवला.

दोन्ही गावं निघाली. तालीम असली म्हणून काय झालं, घर उघडं थोडंच टाकायचं? माणसांनी ट्रंका घेतल्या, कोंबड्या घेतल्या, शेळ्या घेतल्या. कुणी शिलाई मशीन डोक्यावर घेतलं, कुणी सासूला पाठीवर. बांधावर दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढीच जागा. दोन्ही मिरवणुका बरोबर मध्यावर समोरासमोर आल्या आणि थांबल्या. पुढे सरपंच होते, आणि दोघांच्या मधे कुलथे.

"भाऊसाहेब, त्यांना बाजूला व्हा म्हनावं," शिवराम म्हणाले.

"भाऊसाहेब, बाजूला म्हंजे कुठं? खाडीत?" सदूंनी विचारलं.

मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, म्हणून ते ढकलत होते. पुढच्यांना मागे जाणं कमीपणाचं, म्हणून तेही ढकलत होते. दोन्हीकडच्या रेट्यात कुलथे फायलीतल्या कागदासारखे चेपले गेले. आणि बांधाचं म्हणाल, तर त्याची डागडुजी पंचायतींनी आपापल्या हद्दीपर्यंत चोख केली होती. फक्त टेंभखारने आपली हद्द थोडी अलीकडे मानली आणि वडखारनेही थोडी अलीकडेच. मधला तुकडा कुणाचाच नव्हता. सगळी गर्दी नेमकी त्यावरच उभी होती.

धप्पकन आवाज झाला. माती खचली, दोन्ही सरपंच तिच्याबरोबर खाली गेले आणि खाडी आत शिरू लागली. कुलथ्यांच्या डोळ्यांसमोर आधी खारट झालेली शेतं तरळली आणि पाठोपाठ निलंबनाचा हुकूम.

मुक्ताबाईने पदर खोचला आणि काठावरून खाली डोकावून बघितलं. नवरा आणि भाऊ पाठीला पाठ लावून खिंडारात घट्ट रुतले होते, आणि पाण्याचा लोंढा त्यांच्यापाशी अडून नुसता पाझरत होता.

"मला वर काढ!" दोघे एकदम ओरडले.

"हलू नका!" मुक्ताबाई कडाडली. "दादा, हात पसर! आनि तुमी, पोट पुढं काढा! तुमच्यामुलं पानी थांबलंय. जल्मात पयल्यांदा गावाच्या उपयोगी पडताय, जरा दम धरा!"

मग कुणी कुणाला विचारलं नाही. जवळच्या मिठागरावरून रिकाम्या गोण्या आल्या. दोन्ही गावच्या बायकांची एकच रांग लागली. सोयरीकच इतकी होती की कोण माहेरची आणि कोण सासरची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चिखल भरलेल्या गोण्या हातोहात सरकू लागल्या. साहेबांसाठी मांडलेला सोफासुद्धा खिंडारात गेला.

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, बघतच राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

"वा, कुलथे, वा! काय तालीम आहे!"

"साहेब, ही तालीम नाही हो," कुलथे रडकुंडीला येऊन म्हणाले.

"तेच म्हणतोय मी! अजिबात वाटत नाही!" साहेबांनी छायाचित्रकाराला पुढे केलं. "सरपंच स्वतः खिंडारात! अशी पंचायत मी आजवर बघितली नाही. पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या साऱ्या पंचायती इथे बघायला आणतो. हे खिंडार कुठल्या गावच्या हद्दीत येतं? त्या गावाचा कलेक्टरसाहेबांच्या हस्ते सत्कार करू."

एव्हाना बायकांनी वर ओढून काढलेले दोन्ही सरपंच चिखल निथळवत उभे होते.

"आमचे हद्दीन!" शिवराम गरजले.

"कोन बोलला? आमचे हद्दीन हाय!" सदू पहिल्यांदाच मेहुण्याच्या तोंडाकडे बघून बोलले. "चल, दाखवतो!"

"चल की, दाखव!"

दोघे तरातरा बांधाच्या मध्याकडे निघाले, आणि साक्षीला आपापलं गाव पाठीमागून निघालं. मुक्ताबाईने एकदा त्या गर्दीकडे बघितलं, एकदा ओल्या गोण्यांकडे, आणि ती आणखी गोण्या आणायला मिठागराकडे वळली.