हे मी नेलं

दिवाकर गुरनुले याच्यासमोर चांगलं वाक्य बोलायची सोय नाही. तुम्ही बोलायचा अवकाश, की तो शर्टाच्या खिशावर दोन बोटं ठेवून म्हणतो, "हे मी नेलं गा." आणि खरोखरच नेतो. काही महिन्यांनी तेच वाक्य टीव्हीवर कुणीतरी भरजरी साडीतली सासू बोलते.

हा माझा बालमित्र. मूल या गावी आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. धान निघालं की गावात नाटकं व्हायची. तो लिहायचा, मी काम करायचो आणि टाळ्या मला मिळायच्या. पुढे मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात चिकटलो आणि तो मुंबईला गेला. तिथे त्याने बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावावर संवाद लिहिले, मग स्वतःच्या नावावर मालिका लिहिल्या, आता तर सिनेमे दिग्दर्शित करतो. आमच्याकडे कोळसा जळतो आणि मी जळतो. कोळशाची निदान वीज तरी होते.

त्याचं यश मी सहनही केलं असतं. पण त्याने अख्खं गाव मालिकांत घातलं आणि मला तेवढं वगळलं, हे कसं सहन करायचं? आमच्या शाळेतले पेंदाम सर त्याच्या मालिकेत आजोबा झाले. ते आजोबा मालिकेत वारले, तेव्हा सर स्वच्छ धोतर नेसून ओसरीवर बसले आणि भेटायला येणाऱ्यांना त्यांनी चहा पाजला. चहावाला बंडूभाऊ खलनायक झाला. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला कप देताना एक भुवई वर करतो. खुद्द माझ्या बायकोचं "तुमचं शहाणपण काय भाजीत टाकू?" हे वाक्य नायिकेच्या तोंडी आलं. आता ती मला रागावताना मध्येच थांबते, पार्श्वसंगीताला जागा सोडते.

मी प्रयत्नांत कसर ठेवली नाही. तो गावी आला की घरून पाठ करून नेलेली वाक्यं सहज सुचल्यासारखी टाकायचो. एकदा जंगलाबद्दल असं काही बोललो की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. दिवाकर शेंगा सोलत राहिला. तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला कुणाला तरी म्हणाला, "टायर जुना नाई झाला भाऊ, रस्ता म्हातारा झाला." झालं! याची बोटं खिशावर. त्या पंक्चरवाल्याकडे मी अजून गाडी नेत नाही.

यंदा हिवाळ्यात तो एकटाच आला. इरई धरणाच्या पाळीवर आम्ही दुपारचं ऊन खात बसलो होतो. मला राहवलं नाही.

"काऊन बे, सर घेतले, बंडू घेतला, मलेच काऊन नाई घेतलं? एवढा बेकार आहो का मी?"

तुझ्यात घेण्यासारखं काही नाही, असंच तो म्हणणार, अशी मी मनाची तयारी केली.

"आईले लिहिलं होतं मी," तो म्हणाला.

ते मला ठाऊक होतं. आईवर लिहिलेल्या त्या पहिल्याच मालिकेने त्याचं नाव झालं, आणि त्याच्या आईची भूमिका करणारी नटी घराघरांत पोचली. मालिका संपली त्याच वर्षी त्याची आई गेली.

"त्या बाईनं काम मस्त केलं बे. आई कशी बसे, कशी हासे, सारं मीच घोटून घेतलं तिच्याकडून. आता डोळे मिटले का तेच बाई दिसते. आवाजही तिचाच येते. माही आई येतच नाई. सरचं तेच झालं, बंडूचं तेच. ज्याले लिहिलं त्याच्या जागी नट येऊन बसते. तू तेवढा आहेस तसा राह्यला, म्हणून तुले हात नाई लावला."

त्याच्यावर इतकी वर्षं जळलो, आणि आता त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

मग त्यानेच विचारलं, "आई मले जेवाले कशी बोलावे, तुले याद आहे का?"

याद होतीच. भिंतीपलीकडून रोज ऐकलेली हाक ती. मी घसा साफ केला आणि त्या माउलीसारखा शेवटचा शब्द वर ओढत म्हणालो, "दिवा, ये ना रे बापू, भात निवून राह्यला."

दिवाकरने डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकदा म्हण," तो म्हणाला.