तेरवा येतो

बर्गेअण्णांच्या खिशात पेन कधीच नसायचं, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी मात्र कायम असायची. हॉटेलात बटाटेवडा पुढ्यात आला की पट्टी बाहेर. "पंचावन्न मिलिमीटर. काल साठ होता," असं मालकाला शांतपणे सांगायचे आणि मगच खायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी त्यांच्या पाहणी पथकात नोंदवही लिहायला होतो. सोमवारी गावात जायचं, लहान पोरांच्या डाव्या हाताला सुई टोचायची, माझं पेन मागून अण्णांनी तिथं गोल काढायचा आणि बहात्तर तासांनी, म्हणजे गुरुवारी, आलेली गाठ मोजायची. क्षयाचा जंतू गावातल्या किती पोरांच्या अंगात शिरलाय, हे त्यावरून कळायचं. गुरुवार चुकला की सोमवार पाण्यात. त्यामुळे गुरुवार म्हणजे अण्णांचा जीव की प्राण.

"लालीला भुलू नका, गाठ बघा," हे गाठ मोजतानाचं त्यांचं ब्रीद. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही त्यांनी ते मुलीच्या बापासमोर ऐकवलं. बाप हसला, म्हणून माझं लग्न झालं.

कवठे महांकाळकडच्या एका वस्तीवर मात्र अण्णांची जीभच नडली. "तिसऱ्या दिवशी येतो, पोरं घरी ठेवा," ते म्हणाले आणि वस्तीवरची म्हातारी गोजराआज्जी भडकली. तिसऱ्याला माणसं राख सावडायला येतात.

"आवं सायेब, जित्ती हाईत हितली पोरं."

अण्णांनी घाईघाईनं शब्द फिरवला. "बरं, तेरवा येतो."

तेरवा म्हणजे परवाच्या पुढचा दिवस; आज्जीला ऐकू आलं तेरावा. आगीतून फुफाट्यात. आयांनी पोरं घरात ओढली.

अण्णांनी तासभर विनवण्या केल्या. शेवटी आज्जी म्हणाली, आधी मला टोचा, मग पोरांना. पाहणीत म्हातारी माणसं बसत नव्हती. अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं सुईची नुसती टोपी तिच्या हाताला टेकवली, माझं पेन घेतलं आणि झकास गोल काढला. मग पोरं रांगेत आली.

गुरुवारी सगळ्या गाठी मोजून झाल्या. मी जीपमध्ये बसलो, तर अण्णा म्हणाले, "एक मोजणी राहिलीय." मी वही तपासली, काही राहिलं नव्हतं. अण्णा तोवर कडेच्या घराकडे निघालेही होते, मीही मागोमाग गेलो.

आज्जी अंगणात हात पुढे करून बसली होती. तीन दिवस तिनं त्या गोलाला पाणी लागू दिलं नव्हतं. अण्णांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं, पट्टी ठेवली. "शून्य मिलिमीटर. एकदम ठणठणीत."

"सुई टोचलीच न्हाई, तर गाठ कुटनं येनार? मला काय कळत न्हाई व्हय?"

अण्णांचे कान लाल झाले. आज्जी मात्र हसत होती. तिची दोन्ही पोरं मिलिटरीत, दर पत्रात येतो म्हणून लिहायची.

"सांगिटल्या दिवशी आल्यालं तुमी पैलंच बगा," ती म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. फिकट झालेला गोल त्यांनी सावकाश परत गिरवला.

"तेरवा येतो, आज्जी."

"या," ती म्हणाली.

तेरवा रविवार होता. पथकाला सुट्टी, जीपलाही. अण्णा सकाळच्या एसटीनं गेले, आणि जाताना माझ्या घरावरून, पेन मागून घेऊन गेले.