दालचिनीला ताप

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बाळाचं दुपटं वाळत घालायला अंगणात गेले आणि सासूबाईंचं दालचिनीचं झाड मला आजारी दिसलं.

सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच घर माझ्या ताब्यात. निघताना त्यांनी बाळाचा पापा घेतला आणि झाडाकडे बोट दाखवून बजावलं, "याला बाळासारखंच सांभाळ हो!" लावल्यापासून दोन वर्षं ते झाड वाढायचं नाव घेत नव्हतं. सासूबाई रोज त्याच्याशी गप्पा मारायच्या. (माझ्याशी इतक्या नाही.) ते नीट सांभाळून दाखवलं की घरात माझाही शब्द चालेल, अशी मला आशा.

आणि आता शेंड्याची सगळी पानं लालबुंद, लुळी, मान टाकलेली! सातवीपर्यंतच शिकलेय, पण अंग लाल आणि मान खाली म्हणजे काय, हे कुठल्या आईला शिकवावं लागतं? ताप!

पानांना हात लावून पाहिला. गार लागली. म्हणजे ताप आतला! मी ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या (मिठाच्या पाण्याच्या नव्हे, तेवढी अक्कल मला आहे) आणि बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, लाल झालंय, मान टाकलीय!"

"अहो, मग घेऊन या लगेच बाळाला!"

"बाळ नाही हो, झाड!"



"बाळ काय करतंय?"

मी वळून बघितलं. "माती खातंय."

"ती आधी तोंडातून काढा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

तेवढ्यात हे दाढीचा फेस पुसत बाहेर आले. "अगं, झाडाला पट्ट्या कसल्या ठेवतेस?"

"अहो, मी आईंना काय तोंड दाखवू?"

"त्यांनाच विचारू की." मी नको नको म्हणेपर्यंत यांनी फोन लावलासुद्धा. "आई, तुझ्या झाडाची पानं लाल झालीत गं."

"काऽऽय? मी निघालेच!" ही किंचाळी मला चार हातांवर ऐकू आली.

सासूबाई लेकीकडून ठरल्या दिवसाआधी कधी परतल्या नव्हत्या. (मी बाळंत झाले तेव्हासुद्धा नाही.) त्या यायच्या आत रोग हटवायलाच हवा! घाईत कात्री सापडेना, म्हणून बाळाचं नेलकटर घेतलं. हे ऑफिसला गेले, बाळ झोपलं, आणि मी एकेक लाल पान फुंकर घालत, "झालं हं, झालं हं शहाण्याचं," म्हणत काढून टाकलं. झाड कसं हिरवंगार, टवटवीत दिसायला लागलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारी दारात गाडी थांबली. सासूबाई धावतच अंगणात आल्या. मागून नणंद, फोटो काढायला मोबाइल उगारून.

"कुठाय? कुठाय?"

"आता बरं आहे आई," मी म्हटलं. "लाल पानं सगळी काढून टाकली."

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या.

नणंदेनं मोबाइल खाली केला. "वहिनी, दालचिनीची नवी पालवी लालच असते. आधी अशीच लुळी लोंबते, मग हिरवी होते. दोन वर्षं आई हिचीच वाट बघत होती!"

मला रडू फुटणार, एवढ्यात बाळ रांगत आलं आणि मातीच्या तोंडानं हसलं. सासूबाईंनी झडप घालून त्याला उचललं, बोटं, कान, नाक सगळं तपासलं आणि विचारलं, "याचं काही कापलं नाहीस ना?"

"नाही हो आई!"

"पुढच्या खेपेला झाड शेजारणीवर सोपवीन. बाळ राहू दे तुझ्याकडे. ते निदान ओरडतं तरी."

आता झाडाला पुन्हा लाल पालवी फुटलीय. नेलकटर सासूबाईंनी कपाटात कुलूपबंद केलंय. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी दालचिनी लावली असेल, तर एवढं जरूर सांगा की लाल पालवी म्हणजे ताप नव्हे. आणि त्यांच्याकडे जास्तीचं नेलकटर आहे का, तेही विचारा. बाळाची नखं फार वाढलीत.