शेपटीआधी गजाल

भाईकाकांकडे दोन अडकित्ते होते. एक सुपारीचा आणि दुसरा डुकरांच्या शेपट्यांचा. दोन्ही पितळी, दोन्ही सारखेच झिजलेले आणि दोन्ही पडवीतल्या एकाच फळीवर. त्यामुळे त्यांच्याकडे पान खायला वाडीतलं कुणी धजत नसे. ते स्वतः मात्र न बघता हात घालून हवा तोच उचलत. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

शेपट्यांची भानगड अशी. आचरे गावाच्या अलीकडे आमची वाडी. तिच्या पाठीमागच्या कातळाच्या सड्यावरून रानडुकरं उतरत, भातात लोळत, रताळी उकरत आणि एका रात्रीत वर्षाचं खाणं मातीत घालत. शेवटी वाडीने ठरवलं की घरटी थोडा तांदूळ एकत्र करायचा आणि परवान्याच्या बंदुकीने डुक्कर मारील त्याला शेपटीमागे एक पायली द्यायचा. तीच शेपटी कुणी पुन्हा आणू नये म्हणून तिचं टोक कापायचं. हे काम भाईकाकांकडे आलं, कारण त्यांनी जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी केली होती. वापरलेलं तिकीट पुन्हा चालू द्यायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं.

मी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून आईबाबांबरोबर मुंबईहून गावी राहायला आले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. मालवणी कळायची, पण तोंडातून निघायची नाही. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात पुस्तक उघडून बसायचं आणि दगडी गडग्यापलीकडच्या भाईकाकांच्या पडवीत काय चाललंय ते ऐकायचं, एवढाच माझा उद्योग.

भाईकाकांनी एक नियम आपल्या पदरचा घातला होता. शेपटी आणली की लगेच तांदूळ नाही. आधी गजाल, म्हणजे शिकारीची सगळी हकिकत, आणि मग शेपटी.

"बस रे बाबल. खंयसून निघालस?"

बाबल वाडीतला चांगला नेमबाज. ठासणीची बंदूक, शेतराखणीचा परवाना आणि अगदी मोजकं बोलणं.

"घरसून."

"मगे?"

"मगे डुकर इलो. मारलंय."

"आणि मधले स्टॉप खंय गेले? घरसून सुटलस तो एकदम डुकराकडेच? वारो खंयचो होतो? जेवलेलस काय? तुझी बायल काय म्हणाली?"

"बायल निजली होती, भाई."

"निजली कशी? घोव बंदूक घेवन भायर पडता आणि ही निजता?"

बाबल सुस्कारा सोडून पुन्हा घरापासून सुरुवात करी. चहा होई, बिडी होई. शेपटीचं टोक उडेपर्यंत दिवेलागण झालेली असे.

हळूहळू बाकीचे शिकारी गजाली तयार करूनच आणू लागले. मेलेली डुकरं दर आठवड्याला मोठी होत गेली. एकाने तर गोळी लागण्याआधी डुकराने आपल्याला ओळखून मान हलवली, असं सांगितलं. भाईकाकांनी त्याला दुसरा चहा दिला.

पण एका पायलीसाठी अख्खी संध्याकाळ घालवायला माणसं कंटाळली. देवळात वाडीची बैठक झाली. शेपट्या यापुढे रेशन दुकानात द्याव्यात, दुकानदार टोक कापील आणि तांदूळ मापून देईल, असं ठरलं. भाईकाकांनी दुसऱ्या दिवशी अडकित्ता दुकानात नेऊन दिला. "बरा झाला," ते येताना बाबांना म्हणाले. "माका सुटी गावली."

त्यांच्या पडवीत मग कुणी येईना. घरात दुसरं माणूस नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्याला ते हाक मारत, "खंय चललस रे?" माणूस न थांबता काहीतरी पुटपुटून पुढे जाई. कंडक्टरला प्रत्येकाने कुठे जायचं ते सांगावंच लागतं. पडवीत बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कधी मिरचीचं रोपही न लावलेल्या भाईकाकांनी त्या पावसाळ्यात पडवीच्या बाजूच्या उतारावर रताळी लावली. भोवती कुंपणाची वय घातली नाही. रताळी पोसली आणि डुकरं आली.

"भाई, वय तरी घाल," बाबा गडग्यावरून म्हणाले. "तुझ्या रताळ्यांक येतत ती आमचो सुरण पण उकरतत."

"घालूया. सवडीन घालूया. तवसर बाबलाक राखणेक बसयतंय."

बाबल रोज तिन्हीसांजेला त्यांच्या पडवीत बंदूक घेऊन बसू लागला. डुक्कर नेमकं टप्प्यात आलं की भाईकाकांना खोकला येई. डुक्कर पळे.

"भाई, खोकलो आवर हो."

"सर्दी झाली रे. उद्या गावतला. तवसर सांग, तुझ्या झिलाक ताप इल्लो, तो उतरलो काय?"

बाबल मुलाच्या तापाचं सांगे. पूर्वी दोन शब्दांत संपणारा बाबल आता बराच वेळ सांगत राही. मधेच दोघं हसत.

आमचा निम्मा सुरण गेला तेव्हा बाबांनी त्याला वाटेतच गाठलं. "रे बाबल, कधी मारतलस तो डुकर?"

 बाबल आमच्या खळ्यात आला, खांद्यावरची चामड्याची पिशवी काढली आणि आमच्या बाकावर ठेवली. बंदुकीची दारू आणि छर्रे त्यातच असत.

"ह्यां हय ऱ्हवांदे. जाताना न्हेतंय."

"मगे बंदूक कशान भरतलस?"

"रोज हयच ठेवतंय, काका. भाईक म्हायत नाय, तुमच्या चेडवाक म्हायत आसा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. बाबल रिकामी बंदूक खांद्याला लावून पलीकडे गेला आणि भाईकाकांनी त्याच्यासाठी घोंगडी झटकून अंथरल्याचा आवाज आला.

 दवात भिजेल म्हणून बाबांनी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

अंधार पडता पडता उतारावर वेल ओढल्याची खुसफुस सुरू झाली. पलीकडे बोलणं थांबलं आणि भाईकाका घाईघाईने, जिवाच्या आकांताने खोकले.